मॉनिटर बंद करा, कॅमेरामनला काम करू द्या

जुनी_निगेटिव्ह

थेट मुद्द्यावर येतो. आजच्या छायाचित्रणाचं सगळ्यात जास्त नुकसान एका उपकरणानं केलंय, आणि ते म्हणजे कॅमेरा नाही, लेन्स नाही, ड्रोनसुद्धा नाही. सेटवरचा मॉनिटर, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र तिथल्या तिथे दाखवणारा पडदा.

रिळांच्या काळात शॉट नक्की कसा उमटलाय हे त्या क्षणी एकाच माणसाला ठाऊक असायचं. हातात प्रकाश मोजायचा मीटर धरून स्टॉप, म्हणजे लेन्समधून किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवणारा कॅमेरामन. बाकीच्यांनी लॅबमधून रशेस, म्हणजे धुऊन आलेलं कच्चं चित्रण, येईपर्यंत गप्प बसायचं. ३५ एमएमचं ४०० फुटी रीळ साडेचार मिनिटांत संपतं, त्यामुळे आधी तालीम व्हायची, भांडणं व्हायची ती आधीच, आणि मग कॅमेरामनवर सोपवून दिलं जायचं.

आता? मॉनिटरसाठी उभारलेल्या तंबूत खुर्च्या टाकून दिग्दर्शक, निर्माता, निर्मात्याचा मेहुणा, हिरॉइनची हेअरवाली, जाहिरात असेल तर क्लायंटची अख्खी फौज. कुणीतरी म्हणतं, "थोडं डार्क वाटतंय ना?" की डीओपी (मुख्य छायाचित्रकार) उजेड परतवणारा एक थर्माकोल आणखी पुढे सरकवतो. महिनाभर असं झालं की सिनेमा चारचौघांसारखा दिसायला लागतो.

'द गॉडफादर' (१९७२) आठवा. छायाचित्रकार गॉर्डन विलिसनं डोक्यावरून प्रकाश सोडला आणि ब्रँडोचे डोळे सावलीत ठेवले. वर निगेटिव्ह मुद्दाम कमी एक्स्पोज केली, म्हणजे लॅबमध्ये कुणी प्रिंट उजळायला गेलंच तर काळ्याचा राखाडी होणार आणि सगळंच फिसकटणार. निर्णय निगेटिव्हवरच कुलूपबंद! आज तंबूतून पहिला निरोप काय येईल? "स्टारचे डोळे दिसत नाहीयेत."

फोकसवाली

मी कॅमेरा असिस्टंट आहे आणि हा धागा वाचून डोकं फिरलंय.

"एकाच माणसाला ठाऊक असायचं" याचा खरा अर्थ बाकी सगळ्यांना अंधारात ठेवलं जायचं. टी १.४ वर, म्हणजे लेन्स जवळपास पूर्ण उघडी ठेवून, लाँग लेन्सनं क्लोजअप लावला की फोकसमध्ये असतं जेमतेम बोटभर. डोळा शार्प, कान गेला. नटानं मार्कवरून पाऊल इकडेतिकडे टाकलं की खलास. आमचे सीनियर टेपनं अंतर मोजून, लेन्सवर खुणा करून हे साधत, त्यांना दंडवत. पण शॉट सॉफ्ट झालाय हे रशेसमध्ये कळायचं, तोवर सेट मोडलेला. आज वायरलेस फोकस आणि समोर मॉनिटर, त्यामुळे चूक झाली की तिथल्या तिथे "वन मोअर" मागता येतं.

आणि मॉनिटर फक्त मेहुण्यासाठी नसतो हो. कला दिग्दर्शकाला भिंत जास्त हिरवी येतेय हे तिथे दिसतं. कपडेपटाला दिसतं की बारीक चौकड्यांचा शर्ट पडद्यावर थरथरल्यासारखा नाचतोय. आपण लावलेल्या कटरनं (उजेड अडवणाऱ्या काळ्या फळीनं) सावली नक्की कुठे पडली हे लाइटमनला पहिल्यांदा बघायला मिळतं. मेहुण्याला सेटवर कुणी आणलं, ते निर्मात्याला विचारा.

घाटावरचा

धागाकर्त्याचा इतिहास जरा सोयीचा वाटतोय. मॉनिटर नव्हता तेव्हा विश्वास होता, हे गृहीतक एकदा सत्यजित राय आणि त्यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र या जोडीवर तपासून पाहू.

मित्र 'पथेर पांचाली'ला उभे राहिले तेव्हा २१ वर्षांचे होते, आणि मूव्ही कॅमेरा त्यांनी आधी चालवलेला नव्हता. पुंजी एवढीच, की फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार 'द रिव्हर'साठी बंगालात आले असताना शूटिंग बघत वहीत टिपणं आणि आकृत्या काढल्या होत्या. अशा पोराच्या हाती रायनी पहिला सिनेमा दिला. विश्वास म्हणायचा तर हा.

पुढे 'अपराजितो' (१९५६). बनारसच्या घराचा सेट बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधला. अशा घराच्या चौकात उजेड येतो तो फक्त वरच्या आभाळातून, त्याला धड सावली नसते. मित्रांनी विरोध केला: स्टुडिओच्या दिव्यांनी हा उजेड येणार नाही, दहा दिव्यांच्या दहा सावल्या पडतील. राय आणि चंद्रगुप्त आपल्या म्हणण्यावर ठाम. मग मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारून उजेड खाली परतवला. आज कुठल्याही सेटवर "बाउन्स दे" म्हणतात, त्याची आपल्याकडची सुरुवात ही. एका दिग्दर्शकाचा हट्ट, एका कला दिग्दर्शकाचा सेट आणि एका कॅमेरामनची नकारघंटा, या तिघांतून ती निघाली. एकट्याचं काम नाही.

आता पुढचं. 'चारुलता'च्या (१९६४) सुमारास राय कॅमेरा स्वतः ऑपरेट करू लागले. त्यांचं म्हणणं, मला फ्रेम नेमकी दिसते, आणि मी कॅमेऱ्यामागे असलो की नवे नट बुजत नाहीत. 'नायक' (१९६६) हा मित्रांचा त्यांच्यासोबतचा शेवटचा सिनेमा. मॉनिटर नसतानाही दिग्दर्शकाला बघायचंच होतं, म्हणून त्यानं डोळा कॅमेऱ्याच्या आयपीसला लावला आणि कॅमेरामन बाजूला सरकला. मॉनिटर असता तर राय कदाचित तंबूत बसले असते.

जुनी_निगेटिव्ह

@घाटावरचा, माहिती छान, निष्कर्ष उलटा. मित्रांनी विरोध केला तेव्हा तिथे माणसं होती तीन, तिघंही आपापल्या कामात मुरलेली किंवा मुरू पाहणारी. आता तेरा असतात. आणि राय स्टोरीबोर्ड स्वतः काढत, संगीत स्वतः करत. त्यांनी आयपीसला डोळा लावणं आणि क्लायंटनं "लोगो अजून उठावदार करा" म्हणणं एका तागडीत घालू नका.

@फोकसवाली, फोकसपुरतं मान्य. तुमच्या हातातल्या मॉनिटरला माझी ना नाही. माझं भांडण तंबूशी आहे.

टूके_बेबी

+१ फोकसवाली.

तुम्ही सगळे डीओपी विरुद्ध दिग्दर्शक खेळताय. 'कागज़ के फूल'मधला (१९५९) तो प्रकाशाचा झोत घ्या. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी स्टुडिओत आणलं. कल्पना त्यांचीच, आणि दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले छायाचित्रकार, पूर्ण हक्कानं. पण सूर्य थांबत नाही. झोत जागेवर राहावा म्हणून आरसा सारखा हलवावा लागणार. तो हलवणाऱ्यांची नावं सांगा बरं कुणी.

ऑर्सन वेल्सनं 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) छायाचित्रकार ग्रेग टोलंडचं नाव स्वतःच्या नावासोबत एकाच पाटीवर टाकलं, याचं अजून कौतुक होतं. आमच्या गॅफरचं (लाइटमनच्या प्रमुखाचं) नाव येतं तेव्हा थिएटरात दिवे लागलेले असतात.

सांजपाखरू

मॉनिटर मॉनिटर काय करताय! खरा घोळ डीआयला, म्हणजे संगणकावर रंग-उजेड ठरवताना (ग्रेडिंगला), होतो. शूटिंगनंतर काही महिन्यांनी ग्रेडिंग चालू होतं, तेव्हा डीओपी दुसऱ्या सिनेमावर आणि त्याच्या ग्रेडिंगच्या दिवसांचे पैसे बहुधा कुणी धरलेलेच नसतात. मग खोलीत जो बसलेला असेल तो आभाळ निळं करतो. विलिसचं कुलूप आता चालतच नाही, कारण आजचे सेन्सर सावलीतलंही बरंच काही टिपून ठेवतात, ते नंतर कुणीही वर ओढावं.

घाटावरचा

@सांजपाखरू, हा मुद्दा पटला, आणि धागाकर्त्यानं खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

अवांतर: मराठीत दिग्दर्शक-कॅमेरामन वाद मिटवायचा सोपा मार्ग सापडलेला आहे. अविनाश अरुण यांनी 'किल्ला' दिग्दर्शितही केला आणि चित्रितही. २०१४ मध्ये बर्लिनला क्रिस्टल बेअर मिळालं. कोकणातला तो पाऊस पडद्यावर ओला वाटतो!

फोकसवाली

तो मार्ग सगळ्यांना परवडणारा नाही, कारण समोर "नाही" म्हणणारं कुणी उरत नाही. मित्र नाही म्हणाले म्हणून ते कापड लागलं ना?

उपाय कंटाळवाणा आहे. शूटिंगआधी टेस्ट काढा, डीओपी, दिग्दर्शक आणि कलरिस्टनं (ग्रेडिंग करणाऱ्यानं) एकत्र बसून लट (LUT, म्हणजे रंग-उजेड कसा दिसावा याची तयार सेटिंग) ठरवा, तीच मॉनिटरवर लावा आणि ग्रेडिंगचे दिवस करारात लिहून घ्या.

हे न जमल्यास एका डीओपींची युक्ती सांगते. त्यांनी तंबूत दोन मॉनिटर लावले. दिग्दर्शकाचा नीट कॅलिब्रेट केलेला, आणि पाहुण्यांच्या मॉनिटरचा ब्राइटनेस भरपूर वाढवून ठेवलेला. पूर्ण शेड्यूलमध्ये "डार्क वाटतंय" हे वाक्य पाहुण्यांकडून एकदाही आलं नाही.

जुनी_निगेटिव्ह

हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं!

फोकसवाली

अजिबात नाही. दोन्ही मॉनिटर चालू होते.