मदत हवी आहे: मंडळीच्या वडिलांविरुद्ध तक्रार आल्यास ती कोणी ऐकावी?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमची मंडळी स्वतंत्र आहे. ती कोणत्याही सिनॉडला (अनेक मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेला) किंवा धर्मप्रांताला जोडलेली नाही आणि तिचा सर्व आध्यात्मिक कारभार पाळकसाहेब व चार वडील (म्हणजे ‘एल्डर’, कारभारासाठी निवडलेले सभासद) असे पाच जण पाहतात. वडिलांची निवड सभासदांच्या वार्षिक सभेत होते, त्यानंतर हस्तार्पण (डोक्यावर हात ठेवून सेवेसाठी नेमणे) होते. मात्र निवडलेल्या वडिलांची मुदत किती, कोणता निर्णय त्यांनी आपल्या अधिकारात घ्यायचा आणि कोणता सभासदांपुढे आणायचा, याविषयी आजवर लेखी असे काहीच नव्हते. म्हणून मंडळीने नियमावली तयार करण्यासाठी एक छोटी समिती नेमली असून तिचे लेखनाचे काम माझ्याकडे आहे. बाकीची कलमे बऱ्यापैकी मार्गी लागली आहेत. एका कलमापाशी मात्र आम्ही अडलो आहोत, आणि का अडलो हे कळण्यासाठी घडलेली हकीकत सांगणे भाग आहे.

मंडळीतील एका बहिणीने कौटुंबिक अडचणीच्या वेळी प्रार्थनेसाठी आणि सल्ल्यासाठी एका वडिलांकडे मन मोकळे केले होते. ते बोलणे पुढे इतर कुटुंबांत पोहोचले. तिने आधी त्या वडिलांची एकटीने भेट घेतली, नंतर बायबलमधील मत्तय १८ मध्ये सांगितल्याप्रमाणे एका ज्येष्ठ सभासदाला सोबत नेले, आणि तरीही समाधान न झाल्यामुळे वडीलमंडळाला पत्र लिहिले. ते पत्र बैठकीत वाचले गेले तेव्हा ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते वडील तिथेच बसलेले होते. चर्चेत त्यांनी भाग घेतला आणि तक्रार दाखल करून घ्यायची की नाही यावर मतही दिले. इतिवृत्तात त्या विषयापुढे ‘पत्र वाचले, चर्चा झाली, पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही’ एवढीच ओळ आहे. पत्राला उत्तर गेले नाही. बहिणीने कारण विचारले तेव्हा तिला १ तीमथ्य ५:१९ दाखवण्यात आले: दोन किंवा तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांवरील आरोप स्वीकारू नये, आणि त्या खासगी बोलण्याला तर ती सोडून दुसरा साक्षीदारच नाही.

मी वडिलांच्या अधिकाराच्या विरोधात लिहीत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले (प्रेषितांची कृत्ये १४:२३), पौलाने आपला सहकारी तीत याला क्रेत बेटावर मागे ठेवले ते नगरोनगरी वडील नेमण्यासाठीच, आणि इब्री लोकांस पत्र १३:१७ मध्ये अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यास स्पष्टपणे सांगितले आहे. परंतु त्याच वचनात हेही आहे की या लोकांना आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागणार आहे. तो हिशेब शेवटी देवापुढे द्यायचा हे खरेच आहे. पण तोवर मंडळीत तो मागण्याची काहीच सोय नसावी, असे मानणे मला जड जाते.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी, की ज्या मंडळीवर कोणतीही वरिष्ठ सभा नाही, तेथे वडिलांविरुद्धची तक्रार कोणापुढे यावी हे सांगावे. उरलेले वडीलच तिचा निर्णय करू शकतात का, की ती सर्व सभासदांपुढे न्यावी? आणि साक्षीदारांचे ते वचन आमच्याकडे ज्या प्रकारे लावले गेले, ते योग्य आहे का?

प्रतिसाद – एक निवृत्त पाळक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पुष्कळ मंडळ्यांत गाडी तिथेच अडते.

१ तीमथ्य ५:१९ हे वचन सुटे वाचता येत नाही. त्याच्या मागे अनुवाद १९:१५ मधील नियम आहे, की एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणाला दोषी ठरवू नये. पण त्याच अध्यायात लगेच पुढे, म्हणजे १६ ते १८ या वचनांत, एकच साक्षीदार उभा राहिला तर काय करावे हेही सांगितले आहे: वाद असलेल्या दोघांनी याजक व न्यायाधीश यांच्यासमोर उभे राहावे आणि न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी. तिथे खोट्या साक्षीचा प्रसंग समोर ठेवला आहे हे मान्य, पण साक्ष खोटी की खरी हे चौकशीनंतरच कळणार. म्हणजे दुसरा साक्षीदार नसेल तर शिक्षा करता येत नाही. चौकशीसुद्धा करू नये असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय तुमच्या प्रसंगात बोलणे खासगी असले तरी ते पुढे ज्या कुटुंबांत पोहोचले, त्यांना ते कोणाकडून कळले हे विचारता येते. साक्षीदार तिथे आहेत, त्यांना कोणी बोलावले नाही.

आता २० ते २२ ही वचने पाहा. पाप करीत राहणाऱ्या वडिलांना सर्वांसमक्ष दोष दाखवावा, कोणताही निर्णय पूर्वग्रहाने किंवा पक्षपाताने करू नये, आणि हस्तार्पण उतावळेपणाने करू नये, असा तो क्रम आहे. वडिलाला खोट्या आरोपापासून संरक्षण आणि खऱ्या आरोपाची उघड दखल या दोन्ही गोष्टी पौलाने एका दमात सांगितल्या आहेत. संबंधित वडील स्वतः बैठकीत बसून मत देतात, तेव्हा २१ व्या वचनाचा भंग होतो. हे समजायला वेगळ्या नियमावलीचीदेखील गरज पडू नये. त्यांनी बाहेर बसावे, आणि ते बाहेर गेले व पुन्हा आत आले हे इतिवृत्तात नोंदवावे.

प्रतिसाद – वडील म्हणून सेवा करणारा एक वाचक

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण दुसरी बाजूही मांडणे आवश्यक वाटते. वडिलांचे काम असे असते की त्यात कोणाला तरी चुकीबद्दल बोलावेच लागते. विवाहातील बेइमानी असो, पैशाचे व्यवहार असोत किंवा मंडळीत फूट पाडणारे बोलणे असो, ज्याला समज दिली जाते त्याच्या मनात पुष्कळदा राग राहतो आणि तो राग तक्रारीच्या रूपाने परत येतो. साक्षीदारांचा नियम हा सत्पुरुषांचे नाव एका निनावी चिठ्ठीने धुळीला मिळू नये म्हणून आहे. म्हणून नियमावलीत निनावी तक्रार स्वीकारली जाणार नाही असे जरूर लिहा. मात्र तक्रारदाराचे नाव वडीलमंडळाबाहेर जाणार नाही, हेही त्याच ओळीत लिहा.

तक्रार थेट सर्व सभासदांच्या सभेपुढे नेण्याला माझा विरोध आहे. सभेत दोन तट पडतात, नातीगोती बोलू लागतात आणि जिने तक्रार केली तिचीच कौटुंबिक कहाणी दुसऱ्यांदा चव्हाट्यावर येते. या बहिणीच्या बाबतीत तर दुखणेच ते आहे.

तरीही सभासदांना पूर्णपणे बाजूला ठेवावे असे मी म्हणत नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा सात जणांची निवड सर्व शिष्यसमुदायाने केली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. १५ व्या अध्यायात यरुशलेमेत प्रेषित व वडील विचारविनिमयासाठी जमले. पण अंत्युखियाला माणसे पाठवण्याचा निर्णय २२ व्या वचनात प्रेषित, वडील आणि सर्व मंडळी यांचा आहे. चौकशी थोड्यांनी करावी आणि पदावरून दूर करण्यासारखा अखेरचा निर्णय सभासदांच्या संमतीने व्हावा, असा मार्ग मला शास्त्राला धरून वाटतो.

प्रतिसाद – मंडळीच्या इतिहासाचा एक अभ्यासक

ज्या मंडळीवर वरिष्ठ सभा नाही तिने काय करावे, या प्रश्नाला जुन्या नियमावल्यांत चांगली उत्तरे सापडतात.

प्रेसबिटेरियन पद्धतीत ही अडचण सोपी आहे. वडिलाविरुद्धची बाब साधारणपणे त्याच मंडळीच्या सेशनपुढे, म्हणजे पाळक व वडील यांच्या सभेपुढे येते आणि तिथल्या निर्णयावर प्रेसबिटरीकडे, म्हणजे त्या भागातील अनेक मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेकडे, अपील करता येते. पाळकाविरुद्धची बाब मात्र थेट प्रेसबिटरीकडेच जाते. ही रचना तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्हाला अधिक उपयोगी अशी दोन उदाहरणे देतो.

नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८–१९ मध्ये भरलेल्या सिनॉडने मंडळीच्या कारभाराचे नियम घालून दिले. त्यांतील ७९ व्या कलमात वडिलाने किंवा सेवकाने (डीकनने) गंभीर पाप केल्यास त्याला तत्काळ पदावरून दूर करण्याची तरतूद आहे. परंतु तो निर्णय त्याच्या मंडळीच्या वडीलमंडळाने एकट्याने द्यायचा नाही, लगतच्या मंडळीच्या वडीलमंडळाचाही तसाच निर्णय लागतो. तेच नियम ८४ व्या कलमात सांगतात की कोणत्याही मंडळीने दुसऱ्या मंडळीवर आणि कोणत्याही वडिलाने दुसऱ्या वडिलावर वर्चस्व गाजवू नये. म्हणजे शेजारच्या मंडळीला बोलावणे आणि तिच्या हुकमात जाणे या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने निरनिराळ्या होत्या.

दुसरे उदाहरण तर तुमच्यासारख्याच स्वतंत्र मंडळ्यांचे आहे. अमेरिकेतील न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १६४८ मध्ये केंब्रिज प्लॅटफॉर्म या नावाने आपली कारभारपद्धती लिहून काढली. प्रत्येक मंडळी स्वतःपुरती पूर्ण आहे, यावर त्यांचा कटाक्ष होता. तरीही एखादा वडील सुधारण्यापलीकडे चुकत राहिला तर काय करावे, याचे उत्तर त्यांनी दिले: ज्या मंडळीला त्याला पदावर बोलावण्याचा अधिकार होता, तिलाच त्याला दूर करण्याचाही अधिकार आहे, आणि शक्य असेल तिथे इतर मंडळ्यांच्या परिषदेचे मार्गदर्शन घेऊन तिने तसे करावे.

अधिकाराबाबत या दोन परंपरांत पुष्कळ मतभेद होते. पण आपल्याच सहकाऱ्याचा न्याय करताना बाहेरची नजर हवी, हे दोघींनाही पटले होते. माझ्या मते तुमच्या कलमाचा कणा हाच असावा.

आणखी एक गोष्ट सुचवतो. डॉर्टच्या ८१ व्या कलमानुसार पाळक, वडील आणि सेवक यांनी प्रभुभोजनापूर्वी एकमेकांना आपापल्या सेवेविषयी प्रेमाने सूचना करायच्या असत. ही प्रथा जिथे मनापासून पाळली जाते, तिथे लोकांची गुपिते बाहेर बोलली जाण्यासारखी गोष्ट पत्र लिहिण्याची वेळ येण्याआधीच एखाद्या सहकाऱ्याकडून कानावर घातली जाऊ शकते.

धागाकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. अनुवाद १९ मधील पुढची वचने मी समितीपुढे वाचून दाखवली आणि त्यानंतर चर्चेचा सूर बराच बदलला. संबंधित वडिलांनी बैठकीत बसू नये, याला आता कोणाचाही आक्षेप नाही.

शेजारच्या मंडळीच्या वडिलांना बोलावण्याबद्दल मात्र दोन हरकती आल्या. पहिली हरकत अशी की बाहेरच्यांना आमच्या मंडळीच्या बाबतीत निर्णयाचा अधिकार दिला तर आमचे स्वातंत्र्य राहिले कुठे. दुसरी अधिक व्यवहारी आहे: तक्रार आल्यावर बाहेरचे दोघे निवडायचे कोणी? पाळकसाहेबांनी निवडले तर तक्रारदाराला संशय येणार, तक्रारदाराने निवडले तर वडिलांना. कलमाचा मसुदा सध्या असा आहे: ‘वडिलाविरुद्ध लेखी व स्वाक्षरीची तक्रार आल्यास संबंधित वडील वगळून उर्वरित वडील आणि अन्य मंडळीतील दोन वडील यांनी मिळून चौकशी करावी.’ तक्रार पाळकसाहेबांविरुद्ध असेल तर काय, हे यात आलेले नाही. तेही सुचवावे.

प्रतिसाद – निवृत्त पाळक

ताई, मसुदा चांगला आहे. पहिल्या हरकतीचे उत्तर अधिकार विभागून देता येईल. बाहेरच्या दोघांनी चौकशीत बसावे, प्रश्न विचारावेत आणि आपला अभिप्राय लेखी द्यावा. निर्णय मात्र तुमच्या मंडळीचाच राहावा. त्यांचा अभिप्राय आणि तुमच्या वडिलांचा निर्णय यांत फरक पडला, तर दोन्ही सभासदांच्या सभेपुढे ठेवणे बंधनकारक करा. त्या वेळी खासगी तपशील न सांगता केवळ निष्कर्ष सांगावेत.

दुसऱ्या हरकतीचे उत्तर वेळेत आहे. तक्रार येईपर्यंत थांबूच नका. ज्या वार्षिक सभेत वडील निवडले जातात, त्याच सभेत शेजारच्या मंडळ्यांतील तीन-चार विश्वासू वडिलांची नावे सभासदांनी मंजूर करून ठेवावीत. तेव्हा कोणाचीही बाजू ठरलेली नसते. प्रसंग आला की त्या यादीतील एक नाव तक्रारदाराने आणि एक संबंधित वडिलांनी सांगावे. वडीलमंडळातील कोणाचे नातेवाईक त्या यादीत नसावेत. तक्रार पाळकाविरुद्ध असेल तर चौकशीच्या बैठकीचे अध्यक्षपद बाहेरून आलेल्यांपैकी एकाकडे द्यावे, कारण रोज पाळकाबरोबर सेवा करणाऱ्या वडिलांना त्यांच्याच समोर मोकळेपणाने प्रश्न विचारणे अवघड जाते.

एक अपवाद मात्र कलमात ठळकपणे लिहा. तक्रारीत मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलांची छळवणूक किंवा पैशांचा अपहार यांसारखा गुन्हा दिसत असेल, तर मंडळीची चौकशी पूर्ण होईपर्यंत पोलिसांकडे जाणे थांबवू नये, आणि तक्रारदाराला तसे थांबण्याची विनंतीही कोणी करू नये. साक्षीदारांचे वचन मंडळीतील शिस्तीसाठी दिले आहे. कायद्यापासून आडोसा म्हणून ते वापरता येत नाही.

मुदतीही घाला. पत्राची पोच सात दिवसांत, चौकशीची सुरुवात एका महिन्यात, आणि निष्कर्ष दोन्ही बाजूंना लेखी. चौकशी चालू असेपर्यंत संबंधित वडिलांनी घरभेटी आणि समुपदेशन थांबवावे, पण याचा अर्थ दोष सिद्ध झाला असा नाही, हे त्याच कलमात नोंदवावे.

राहिला प्रश्न त्या बहिणीचा. नियमावली मंजूर होण्यास वेळ लागेल आणि तिचे पत्र अजून अनुत्तरित आहे. त्या विषयावरचा निर्णय संबंधित वडील मत देत असताना झाला असल्याने तो फेरविचारासाठी पुन्हा बैठकीत घ्यावा, असे लेखी निवेदन समितीने आत्ताच पाळकसाहेबांना द्यावे, आणि तोवर त्यांनी तिला निदान पत्राची पोच तरी पाठवावी.