ओव्यांवर पीएचडी करून कुणाच्या शेतात पाणी येतं?

कोरडवाहू:
परवा विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेच्या जिल्हा फेरीला पुतणीबरोबर गेलो होतो. एका टेबलावर जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, त्याला चिकटून 'जात्यावरच्या ओव्यांतील भाऊ', पलीकडे कॉमर्सचं 'मोबाइल खरेदीबाबत ग्राहकांचे मत'. सगळ्यांना सारखाच मान, सारखंच सर्टिफिकेट. माझं म्हणणं सरळ आहे, संशोधनाचा पैसा सायन्स, इंजिनिअरिंग आणि शेतीला द्या, भाषा-इतिहासवाल्यांनी फक्त शिकवावं. सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपवरून अजितदादा 'पीएचडी करून काय दिवे लावणार' म्हणाले तेव्हा सगळे तुटून पडले, पण ओव्यांनी कुणाच्या शेतात पाणी आलंय ते तरी सांगा.

जुनी_विद्यार्थिनी:
मी एरवी नुसती वाचते, आज राहवलं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोन अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. त्यात सासुरवास आहे, कष्ट आहेत, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. या बायांना सही येत नव्हती, सातबाऱ्यावर नाव नव्हतं, मग त्यांचं म्हणणं तुम्हाला कुठल्या दप्तरात सापडणार होतं, तलाठ्याच्या? आणि भावाची ओवी म्हणजे नुसतं गोडगोड नसतं हो. माहेरच्या जमिनीवर पाणी सोडलेली बाई त्याच भावाकडे चोळीची आस धरते, हे वारसाहक्काचं संशोधन आहे, लॉ डिपार्टमेंटने वाचावं असं. माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला त्या दिवशी पुरणपोळी होती घरी.

कोरडवाहू:
ते दोघं विद्यापीठाच्या पगारावर होते का? नव्हते ना? स्वतःची संस्था काढून केलं त्यांनी. म्हणजे माझाच मुद्दा झाला.

पावशेर:
कोरडवाहूंशी सहमत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत शब्दकोश बघा, १९४८ ला काम सुरू, पहिला भाग छापला १९७६ ला, खंडांवर खंड निघतायत आणि गाडी अजून 'अ' वरच. 'ह' यायला आपले खापरपणतू लागतील.

एकआणा_शेंग:
पावशेर, नावं ठेवण्याआधी त्या चिठ्ठ्यांची खोली बघून या. दीड हजारांच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्या, कोटीच्या घरात. वेदांपासून वैद्यक, गणितापर्यंत एकेक शब्द कसकसा वापरला गेला ते लावत बसायचं, हे काय गाइड छापण्याचं काम आहे? ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १८५७ ला ठरला आणि १९२८ ला पुरा झाला, त्यांना कुणी दिवे विचारले नाहीत. आणि पाणी पाणी करताय तर त्याच कॉलेजने १९६८ पासून पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला खणलं तिथे या. घोड नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने पुराचं पाणी वळवायला चर काढला होता, बार्ली पिकवत होता. पुढे पाऊसमान बिघडलं असावं, तर तेच लोक मोठी चौकोनी घरं सोडून गोल झोपड्यांत आले. धान्याचे जळके दाणे बघायला वनस्पतीवाला, हाडं बघायला शरीरशास्त्रवाला, सगळे एका खड्ड्यात उतरले तेव्हा हे कळलं. तुमच्या हिशोबाने ते आर्ट्सवाले.

मापात_पाप:
मग सायन्सला पण विचारा की. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश लावून आकाशातला हायड्रोजन मोजतात, नारायणगावच्या टोमॅटोला त्याने भाव मिळाला का?

एकआणा_शेंग:
ती दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची आहे, पुणे विद्यापीठाची नाही. टीआयएफआरचं केंद्र फक्त विद्यापीठाच्या आवारात आहे.

मापात_पाप:
असेल. टोमॅटोचं उत्तर द्या.

सांगोल्याचा_बागायतदार:
मी डाळिंबवाला माणूस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने डाळिंबाचा भगवा वाण दिला, त्यावर आमच्याकडं बंगले उभे राहिले, त्यामुळं शेतीच्या संशोधनाला पैसा द्या याला आपला पाठिंबाच. पण पुढचं पण ऐका. तेल्या रोग आला आणि बागाच्या बागा काढाव्या लागल्या. तेल्या कुठून आला? रोगट बागेतल्या कलमांतनं. खात्रीची कलमं घ्या म्हणून शास्त्रज्ञ ओरडत होते आणि आम्ही पाहुण्याच्या नर्सरीतनं उधारीवर घेत होतो, कारण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आता हे पाहुणेपण कुठल्या लॅबमध्ये तपासणार? संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणारा विस्तार शिक्षण म्हणून विभाग असतो कृषी विद्यापीठात, कृषी अर्थशास्त्र असतं, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. ते लोकांत फिरून विचारतात म्हणून त्यांना फॉर्मवाले म्हणून हसतात.

कोरडवाहू:
हा मुद्दा बरोबर आहे. पण तो शेतीतच येतो.

थकलेला_स्कॉलर:
विभाग कुठलाही असो, आमच्याकडे खरं संशोधन एकच, व्हायवाचं, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेचं जेवण. एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांना स्टेशनवरून आणायला गाडी, हॉटेल, शाल-श्रीफळ, दुपारी काजूकरी, बासुंदी, आणि गाइडच्या घरच्यांनाही बोलवायचं असतं कारण 'मॅडमनी पण खूप सहन केलंय'. माझी फेलोशिप आठ महिने रखडली होती, मित्राकडून पैसे उचलले. थिसिसवर तीन प्रश्न, मिठाईवर पंधरा मिनिटं.

मार्गदर्शक_मीच:
सरसकट बोलू नका. माझ्या एकाही विद्यार्थ्याकडून चहासुद्धा घेतला नाही. आणि तुमचं चॅप्टर रात्री एकला व्हॉट्सॲपवर येतं, इकडून तिकडून उचललेलं, ते नीट कोण करतं? तेही लिहा.

थकलेला_स्कॉलर:
सर, तुमच्याबद्दल नाही बोललो. पण तुम्हाला लगेच लागलं.

मार्गदर्शक_मीच:
लागणारच. तुमच्यासारखे चार जण जर्नलला पैसे मोजून पेपर छापतात आणि नाव आमचं जातं.

जुनी_विद्यार्थिनी:
पैसे मोजायला लावलं कुणी? प्रमोशनचे पॉइंट कुणाला हवे असतात? दुसरं नाव गाइडचं असतं, कधीकधी पहिलंच. २०२५ ला यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली, आता तर मोकळं रान.

पावशेर:
व्हायवाला नॉनव्हेज चालतं का? आमच्या इकडे एकाने मटण ठेवलं होतं, एक्स्टर्नल माळकरी निघाले.

कोरडवाहू:
अरे मूळ विषय काय होता? बरं, ओव्यांना द्या फेलोशिप, माझं काही जात नाही. पण अट एक. शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर पीडीएफ टाकून मोकळं व्हायचं नाही, ज्या गावात ओव्या गोळा केल्या तिथल्या चावडीवर येऊन मराठीत सांगायचं काय सापडलं. सेन्सरवाल्यालाही तीच अट.

मापात_पाप:
आणि मोबाइलवाल्याला?

कोरडवाहू:
त्याला नाही. पन्नास फॉर्म एकाच हॉस्टेलवर भरून घेतले होते, शाई पण सारखीच.

नवा_गडी:
मंडळी, बाकी चालू द्या, पण माझी व्हायवा पुढच्या आठवड्यात आहे. वीस माणसांची व्हेज थाळी साधारण किती धरायची? आणि बासुंदी ठेवावीच लागते का?