सामाईक विहीर आणि गाळ

‘सातबाऱ्यावर नाव लागलं की तो मालक, बाकी सगळ्या भावनेच्या गोष्टी’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये तिच्यात काय पिकवलं ते. त्या कागदालासुद्धा नुसतं नाव पुरत नाही!

आमची विहीर चौघा भावकीत सामाईक, प्रत्येकाचा हिस्सा चार आणे. पाण्याच्या पाळीत कुणी अर्धा तास सोडणार नाही, पण तीन उन्हाळे गाळ मात्र कुणीच काढला नाही. ‘चौघांची आहे, मी एकट्यानं का?’ हेच प्रत्येकाचं. शेवटी धाकट्या काकांनी स्वतःच्या पैशानं यारी, म्हणजे गाळ वर ओढून काढायचं यंत्र, लावली. काळाकुट्ट, कुजक्या पाल्याचा गाळ, त्यात मोटारीच्या पाइपाच्या तळाशी बसवतात तो एक गंजलेला फूटव्हॉल्व्ह. सातव्या दिवशी पश्चिमेच्या कपारीतला झरा मोकळा झाला, तेव्हा काका चिखलात गुडघाभर उभे राहून नुसते त्याकडे बघत होते. कागदावर त्यांचे आजही चारच आणे आहेत. पण मोटार बंद पडली की बाकीचे तिघे त्यांनाच हाक मारतात, “अण्णा, तुमच्या विहिरीवर या जरा.”