नवी चेन बसवूनही ॲक्सल खाचेच्या मागच्या टोकाला

प्रश्न (गुहागर):
माझ्या १२५ सीसी मोटरसायकलला गेल्या आठवड्यात ४२८ मापाची नवी चेन बसवून घेतली. दाते अजून चांगले आहेत असे कारागिराने सांगितल्यामुळे स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रे) मात्र दोन्ही जुनीच ठेवली. आता ॲक्सल (मागच्या चाकाचा आस) खाचेच्या पार मागे गेला आहे, तरी चेन सैलच आहे, आणि चाक हाताने फिरवले की ती एका जागी ताठ होते व अर्धा फेरा झाला की लोंबते. रोज धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जावे लागते, त्यामुळे वाटेत चेन उतरण्याची धास्ती वाटते. चेन ताणायचा ॲडजस्टर आणखी ओढावा का?

उत्तर (चिपळूण):
कृपया ओढू नका. आधी जुन्या आणि नव्या चेनच्या कड्या मोजून पाहा. ४२८ चेनची एक कडी १२.७ मिमीची असते. आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येत असल्याने कमी करताना जोडीच काढावी लागते, आणि तेवढ्याने ॲक्सल सुमारे १२.७ मिमी पुढे सरकतो. चेनची टोके जोडणाऱ्या कडीवरच्या लॉकची (क्लिपची) बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडेच हवी.

उत्तर (मालवण):
ताठ-सैल होण्याचे कारण वेगळे आहे. चेनच्या एका कडीवर आणि मागच्या स्प्रॉकेटच्या एका दात्यावर खडूने खूण करा. दर फेऱ्याला तोच दाता खाली आल्यावर चेन ताठ होत असेल, तर दोष स्प्रॉकेटचा किंवा हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा). खूण केलेली कडीच प्रत्येक वेळी त्या जागी येत असेल, तर चेनचा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलात दाते लवकर झिजतात, आणि झिजलेले दाते नवी चेनही खातात. म्हणून तिन्ही वस्तू एकदम बदलाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता:
जुन्या चेनला ११६ कड्या निघाल्या, नवीला ११८. ताठपणा दर फेऱ्याला त्याच दात्यावर येतो.

उत्तर (चिपळूण):
मग पूर्ण सेट घ्या, ११६ कड्यांचा. ढिलाई, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, जिथे चेन सर्वांत ताठ असते तिथेच, खालच्या बाजूच्या मध्यावर मोजा. अशा बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिमी लागते, तरी आपल्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. त्याहून ताठ ठेवल्यास माणूस बसल्यावर चेन आणखी ओढली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग जाते. ॲडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, आणि ड्रम ब्रेक असल्यास ॲक्सलचा नट आवळल्यावर ब्रेकच्या दांड्याचा नट पुन्हा जुळवायला विसरू नका.