अनुभव धागा: रानातल्या डोहावरचा एक दिवस

पाऊस सरला, ओढे नितळले की पोहायला जायचे बेत सुरू होतात. रानातल्या डोहावरचा दिवस तुम्ही कसा आखता, ते इथे लिहा. जागेची स्तुती पुष्कळ वाचायला मिळते. कुणाला विचारून पाण्यात उतरलात आणि माघारी कधी फिरलात, ते मला जास्त हवं आहे. सुरुवात मीच करते.

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या देवकुंड धबधब्याला डिसेंबर-जानेवारीतच जातो. ताम्हिणी घाट उतरून भिरा गाव गाठायचं, तिथून धरणाच्या कडेने आणि पुढे रानातून साधारण दोन तासांची चाल. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं ते त्यामुळेच, आणि ती पाळायलाच हवी. गावातला वाटाड्या घेतोच. यंदा कुंडाचा तळ कुठे भरलाय, कुठे खचलाय, हे त्यालाच ठाऊक असतं. धार कोसळते तिथे पाणी खोल असतं आणि ओढही असते, म्हणून मुलं काठच्या उथळ भागात, तीही लाइफ जॅकेट घालूनच. पाणी इतकं गार असतं की एकदम शिरलं तर श्वास अडकतो. आधी काठावर बसून पाय, मग मान, छाती भिजवायची. सूर मारणं नाहीच. पाण्याखालचे खडक वरून दिसत नाहीत. अडीचला निघतो, कारण थंडीत झाडीखाली लवकर काळोखतं. जेवण सकाळीच गावात सांगून ठेवलेलं असतं. पोहून आल्यावर तांदळाची भाकरी आणि पिठलं, त्यासारखं सुख नाही!

मार्चनंतर मात्र मी कुणालाही तिकडे पाठवत नाही. २०१७ च्या मार्चमध्ये याच भिऱ्यात ४६.५ अंशांची नोंद झाली होती. परतीच्या वाटेवर ऊन फार लागतं.

*मडगावहून*
आमचं ठिकाण नेत्रावळी अभयारण्यातला सावरी धबधबा. आदल्या दिवशी वनखात्याकडे चौकशी केल्याशिवाय गाडी काढत नाही. जुलै २०२३ मध्ये त्याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले, त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली होती. लोक तेव्हा चिडले होते. मला ती पटली.

*कुडाळहून*
आमच्या गावच्या व्हाळावर (ओढ्यावर) कोंड, म्हणजे डोह आहे, पोहायला तिथेच शिकलो. आजोबांनी एक गोष्ट पक्की शिकवली: आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात काळं दिसलं की बाहेर यायचं. नितळ पाणी गढूळलं, पालापाचोळा-काटक्या वाहत आल्या, आवाज बदलला, तर कपडे गोळा करत बसू नये, सरळ उंचावर चढावं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती चित्रफीत आमच्या घरात सगळ्या पोरांना बसवून दाखवली.

*नाशिकहून*
मला पोहता येत नाही, तरी दरवर्षी जाते. काठावर बसून माणसं मोजत राहायचं काम माझं, आणि त्या वेळात मी फोन हातात घेत नाही. बायकांसाठी सांगते: साडी, ओढणी, जीन्स घालून पाण्यात उतरू नका, भिजलेलं कापड पायात गुंडाळतं. कपडे बदलायला आडोसा मिळतोच असं नाही, म्हणून एक जुनी चादर आणि दोर बरोबर घ्या.

*ठाण्याहून*
दोर हवाच. आम्ही पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोराला बांधतो आणि पोहोचल्याबरोबर काठावर ठेवतो. कुणी गटांगळ्या खायला लागलं तर कॅन फेकायचा, मागोमाग उडी घ्यायची नाही. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली ओढतो. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा संध्याकाळी किती वाजेपर्यंत परत येणार, हे गावात सांगून जातो.

*कुडाळहून, पुन्हा*
साबण-शाम्पू नेऊ नका. खालच्या वाडीत तेच पाणी भरतात.