एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, चालताना डावा पाय घासतो. फिरणं बंद करू का?

प्रश्न (नागपूर):
वय 38, एमएसचं निदान होऊन चार वर्षं झाली. आधी अंबाझरीला रोज फिरायला जायचे. आता पंधरा मिनिटं झाली की डावा पाय उचलतच नाही. परवा चप्पल कधी निसटली ते कळलंसुद्धा नाही; एक शाळकरी मुलगा ती घेऊन मागून पळत आला, तेव्हा खाली पाहिलं तर पाय उघडा. घरी अर्धा तास कूलरसमोर पडले की पाय पूर्ववत होतो. सासूबाई काळजीने म्हणतात, "नसांचा आजार आहे, कशाला जोर करतेस?" पण बसून राहिलं की पाय आणखी ताठरतात. चालण्याने आजार वाढतोय का?

उत्तर 1 (फिजिओथेरपिस्ट):
नाही. एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं संरक्षक आवरण जातं. अशा नसेतून अंग तापलं की संदेश नीट जात नाहीत. अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. अंग निवलं की पाय परत येतो, तुमचंही तेच होतंय. याला उथॉफचं लक्षण म्हणतात, 1890 मधलं निरीक्षण आहे. पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगायचे. 1996 मध्ये अमेरिकेत 15 आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने एमएसच्या रुग्णांची ताकद आणि दम वाढल्याचं दिसलं, तेव्हापासून सल्ला बदलत गेला. मात्र त्रास 24 तासांच्या वर टिकला तर न्यूरॉलॉजिस्टला लगेच कळवा. पंजा लोंबत असेल तर मापाचा एएफओ स्प्लिंट (घोट्याला आणि पंजाला आधार देणारी पट्टी) लागेल. आणि चप्पल बंद करा, मागे पट्टा असलेली सँडल घ्या.

उत्तर 2 (पुणे, एमएस 11 वर्षं):
ताई, पंधरा मिनिटांनी पाय दगा देतो ना, मग दहाव्या मिनिटाला बसायचं. पाय घासेपर्यंत थांबायचं नाही. मी दहा-दहा मिनिटं तीनदा चालते, निघण्याआधी गार पाण्याने अंघोळ, मानेवर ओला पंचा. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहिते: माझं फिरणं दोन वर्षं सुटलं ते पायांमुळे नाही, लघवीच्या घाईमुळे. डॉक्टरांना सांगितल्यावर गोळी मिळाली. तुम्हालाही तसं असेल तर लाजू नका.

प्रश्नकर्ती:
आहे. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय, कागदावर सगळ्यात वर तेच लिहिलंय. उद्या पहाटे साडेपाचला निघेन. सासूबाईंना ही उत्तरं वाचून दाखवली, त्या सोबत येणार आहेत, दहा मिनिटं मोजायला.