स्तनातलं इम्प्लान्ट कडक झालंय, बदलताना काय विचारायचं?

प्रश्न: बहिणीला ६ वर्षांपूर्वी २७५ सीसीची सिलिकॉन इम्प्लान्ट्स छातीच्या स्नायूच्या वर, स्तनग्रंथीखाली बसवली होती. डावीकडचं दगडासारखं कडक होऊन वर सरकलंय, दुखतंही. बेकर ग्रेड ४, म्हणजे कडकपणाची सगळ्यात वरची पायरी, सांगितलंय. जुनं काढून त्याच जागी लगेच नवं घालता येतं का? मसाज करून बघावं का?

ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली): आधी जंतुसंसर्ग आहे का ते ठरवा. लाली, ताप, स्राव असेल तर इम्प्लान्ट काढून साधारण ३ ते ६ महिने थांबतात. नसेल तर एकाच बैठकीत बदलता येतं, पण त्याच जागी नको. इम्प्लान्टवर आणि भोवतालच्या कॅप्सूलमध्ये (शरीराने त्याच्याभोवती केलेल्या व्रणासारख्या पिशवीत) जंतूंचा चिकट थर राहतो, कडकपणाचं ते एक मोठं कारण. म्हणून जुनंच धुऊन परत घालणं बाद. कॅप्सूल जमेल तेवढी काढायची आणि नवा कप्पा करायचा, बहुधा वरचा भाग स्नायूखाली, खालचा ग्रंथीखाली. मसाजने ग्रेड ४ सुटत नाही. हाताने जोरात दाबून कॅप्सूल फोडायची जुनी पद्धत तर विसराच, त्यात इम्प्लान्ट फुटायचं.

कागदवाली: जुन्या ऑपरेशनची नोट आणि इम्प्लान्टचं स्टिकर शोधा. खरखरीत पृष्ठभागाचं अ‍ॅलरगनचं बायोसेल निघालं, तर ते जुलै २०१९ मध्ये लिम्फोमाच्या (एका प्रकारच्या कॅन्सरच्या) धोक्यामुळे जगभरातून मागे घेतलंय. त्रास नसेल तर नुसत्या भीतीने काढा असं एफडीए (अमेरिकेची औषध-उपकरण नियामक संस्था) म्हणत नाही, पण इथे उघडणारच आहात, तर गुळगुळीत घ्या. बाजू सुजली असेल तर ऑपरेशनआधी सोनोग्राफीखाली इम्प्लान्टभोवतीचं पाणी काढून सायटोलॉजी (पेशींची तपासणी) आणि सीडी३० (या लिम्फोमाची खूण) तपासणीला पाठवा. एकदा चीर दिली की ते पाणी हातचं जातं. काढलेली कॅप्सूलही पॅथॉलॉजीला.

ओटीतली: आणि साइज! 'आता करतोच आहोत तर मोठं घालू' इथेच घोळ होतो. कॅप्सूल काढल्यावर वरचं आवरण पातळ झालेलं असतं. स्तनाच्या वरच्या भागात चिमटीत २ सेंमीपेक्षा कमी जाडी आली तर स्नायूचं आवरण हवंच. मोठ्या वजनाने सुरकुत्या दिसतात, इम्प्लान्ट खाली घसरतं. चीर स्तनाखालच्या घडीतून बरी, कारण निपलच्या नलिकांत जंतू असतात. तंबाखू निदान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर बंद, मिश्रीही त्यातच धरा, जखम भरत नाही.

प्रश्नकर्ती: उजवं मऊ आहे. तेही काढायचं?

कागदवाली: त्याचा पृष्ठभाग स्टिकरवर बघा. गुळगुळीत असेल आणि एमआरआयमध्ये फाटलेलं दिसत नसेल, तर बदलायचं ते फक्त दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. उजवीकडची मऊ कॅप्सूल मात्र उगाच खरवडून काढू देऊ नका.